दिवाळी ते नाताळ: घाटाचं हवामान वेगळं छापा, सपाटीचं वेगळं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडं सकाळी आठच्या आत येतो. मी आधी कोपऱ्यातलं हवामान बघते, मग कांद्याचे भाव, मग पहिलं पान. परवा त्या कोपऱ्यात आख्ख्या नाशिक जिल्ह्याला मिळून एकच ओळ होती, तुरळक ठिकाणी हलका पाऊस आणि किमान तापमानात थोडी वाढ. ती ओळ वाचून आमच्या घरात फवारणीची टाकी भरायची का नाही यावर अर्धा तास बोलाचाली झाली, आणि तिकडं इगतपुरी तालुक्यात माझा भाऊ तीच ओळ वाचून भाताची सोंगणी पुढं ढकलून बसला. म्हणून आज लिहायला घेतलंय.

माझं माहेर घोटीच्या पलीकडं, कळसूबाईच्या रांगेखाली, भाताचं गाव. सासर निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला, द्राक्ष आणि कांदा. गाडीनं निघालं तर दोन तासांत इकडून तिकडं पोचते मी, पण हवामान बघितलं तर वाटावं दोन वेगळी राज्यं आहेत. तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, भाद्रपदात कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर ओला होतो. आणि आमच्या पूर्वेला-दक्षिणेला येवला-सिन्नरकडं पाचशे-साडेपाचशे पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. मध्ये आम्ही. वर कसमादे पट्टा, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा, तिथं सटाण्याकडं अर्ली द्राक्षं, म्हणजे आमची बाग फुलोऱ्यात असते तेव्हा त्यांच्या मण्यात पाणी उतरलेलं असतं. पंधरा तालुके आहेत साहेब या जिल्ह्यात, आणि अंदाज एका ओळीचा.

शहरातल्या बऱ्याच लोकांना वाटतं की पाऊस गेला, दसरा झाला, आता हवामानाचं टेन्शन डायरेक्ट मे-जूनला. आमच्यासाठी हेच सहा-आठ आठवडे सगळ्यात नाजूक असतात. मॉन्सून १७ सप्टेंबरच्या सुमाराला पश्चिम राजस्थानातून परतायला लागतो, महाराष्ट्रातून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून गेला असं धरतात, या तारखा हवामान खात्यानं २०२० साली नव्यानं ठरवल्या. पण मॉन्सून गेला म्हणजे पाऊस गेला असं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम, तमिळनाडूकडचा ईशान्य मॉन्सून याच दिवसांत, आणि पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी थंडीतली पावसाळी हवा, यायला सुरुवात होते तीपण याच दिवसांत. यातलं काहीही आमच्या डोक्यावर येऊन एकमेकांत मिसळलं की झालंच.

माझे वडील अजून नक्षत्रांवर बोलतात. पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा, हे त्यांचं ठरलेलं. चित्रा म्हणजे १० ऑक्टोबरनंतरचा पंधरवडा, तेव्हा हळवं म्हणजे लवकर येणारं भात कापायला आलेलं असतं, भिजलं की काळं पडतं. आणि माझे सासरे म्हणायचे, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती, कारण चित्रानंतर येणाऱ्या स्वातीच्या पावसावर इकडची ज्वारी, हरभरा उभा राहायचा. दोघंही आपापल्या रानाचं खरंच बोलत होते. आता मात्र सासऱ्यांची म्हण आमच्याच शिवारात चालेना, ज्वारी गेली, द्राक्ष आली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोडी बहाराची, म्हणजे फळासाठीची छाटणी केली तर स्वातीचा पाऊस बरोबर पोंग्यावर म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबावर, नाहीतर दोड्यावर म्हणजे फुलायच्या आधीच्या कोवळ्या घडावर येतो. म्हणजे पाऊस तोच, दिवस तोच, पण पीक बदललं की त्याचा अर्थ बदलतो. हे पेपरात हवामान लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

२०१९ ची दिवाळी मी विसरूच शकत नाही. अरबी समुद्रात आधी क्यार आणि त्याच्या मागोमाग महा अशी दोन वादळं लागोपाठ आली. भाऊबीजेला माहेरी गेले तर पडवीत, ओटीवर, पार देवघरासमोरपर्यंत भाताच्या ओल्या पेंढ्या पसरलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. कापून खाचरात टाकलेलं भात चार दिवस पाण्यात राहिलं होतं. वहिनीनं एक लोंबी काढून माझ्या हातात दिली, काही बोलली नाही. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटले होते, नखाएवढे, हात लावला की तुटायचे. घरभर आंबूस वास. त्या वासात मी भावाला ओवाळलं आणि त्यानं ताटात पाकीट टाकलं तेव्हा मला ते घ्यायची लाज वाटली.

आणि त्याच आठवड्यात इकडं आमच्या बागेत डाऊनी, म्हणजे ओलीनं येणारा बुरशीचा रोग, घुसला. ओळीत गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर रुतायचा, ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर आत नेता येईना म्हणून मिस्टरांनी आणि दिरांनी पाठीवरच्या पंपानं फवारण्या केल्या, सकाळी मारलेलं औषध दुपारच्या सरीनं धुवून जायचं की परत संध्याकाळी. तरी घड जिरले, कुजले. आमच्या तीन एकराला औषधाचा एक राउंड पाच-सहा हजारांच्या खाली होत नाही, मजुरी-डिझेल वेगळं, आणि त्या पंधरवड्यात किती राउंड झाले ते आम्ही नंतर मोजलंच नाही. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात ओखी आलं, त्याआधी २००९ च्या नोव्हेंबरात फयान. म्हणजे हे कधीतरी होणारं राहिलेलं नाही.

आता थंडीचं. बाहेरच्या माणसाला वाटतं डोंगरात थंडी जास्त, खाली कमी. आमच्याकडं बऱ्याचदा उलटं असतं. आभाळ मोकळं असलं आणि वारा पडला की रात्री जमीन भराभर उष्णता सोडते, तिला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते, मग ती पाण्यासारखी उताराला लागते आणि गोदावरी-कादवेच्या खोलगट भागात येऊन साचते. म्हणून पहाटे घाटमाथ्यावरच्या इगतपुरीपेक्षा निफाड कितीतरी गार. निफाडचा पारा म्हणून जो आकडा तुम्ही छापता तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, २०१८ च्या डिसेंबरअखेर तो २ अंशांच्याही खाली गेला होता आणि पानांवरचं दव गोठलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलं. आमच्या स्वतःच्या रानातच नदीकडचा प्लॉट आणि रस्त्याकडचा प्लॉट यात पहाटे दीड-दोन अंशांचा फरक पडतो, मी दोन्हीकडं मांडवाच्या अँगलला थर्मामीटर टांगलेत आणि वहीत रोज लिहिते. एका शेतात एवढा फरक तर आख्ख्या जिल्ह्याला एक किमान तापमान लिहून कसं चालेल.

आणि ते किमान तापमानात वाढ वगैरे जे छापून येतं ना, त्याचा अर्थही कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. नोव्हेंबरात वारा उत्तरेकडून कोरडा येत असला की रात्री गार, दिवसा कडक ऊन, बागेला एकदम मस्त. तोच वारा पूर्वेकडून फिरला की बंगालच्या उपसागरावरची दमट हवा येते, ढग येतात, आणि ढग म्हणजे रात्री जमिनीवर गोधडी टाकल्यासारखं, उष्णता वर जात नाही, मग किमान तापमान चार-पाच अंश चढतं. शहरात लोक म्हणतात बरं झालं थंडी कमी झाली. आम्ही ती ओळ वाचली की पोटात गोळा येतो, कारण थंडी कमी म्हणजे आर्द्रता जास्त, म्हणजे सकाळी पानं ओली, म्हणजे डाऊनी, आणि पाऊस नाहीच आला नुसतं ढगाळ राहिलं तर भुरी, तीपण बुरशीच. पाऊस पडलाच पाहिजे असं नाही, नुसत्या ढगानंसुद्धा नुकसान होतं हे पेपरात कधी येतच नाही.

या दिवसांत माझी पहाट कशी असते ते सांगते. साडेचारला उठून बॅटरी घेऊन बागेत जायचं, दहा-बारा वेलींची पानं उलटी करून बघायची, पानाची खालची बाजू ओली आहे का कोरडी. मग तासातासानं परत. सात वाजता पान कोरडं झालं तर श्वास सुटतो. नऊ वाजले तरी ओलं असेल तर त्या दिवशी फवारणी पक्की, मग घरात लग्न असो का कुणी दवाखान्यात असो. घडातली ओल लवकर जात नाही म्हणून मिस्टर नुसता ब्लोअर फिरवतात, वाऱ्यानं पाणी झटकायला. आणि डिसेंबरात गारठा वाढला की ओळीच्या कडेला पाचट, गवत पेटवून धूर करायचा, पहाटे ड्रिप सोडायचं, विहिरीचं पाणी कोमट असतं त्यानं बागेत एखादा अंश तरी सावरतो. या सगळ्याला आदल्या संध्याकाळी कळायला पाहिजे की उद्या पहाटे दव पडणार का गारठा येणार. पावसाची शक्यता एवढंच कळून उपयोग नाही.

महिन्याच्या शेवटी हवामान खातं पुढच्या महिन्याचा अंदाज देतं, सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, सरासरीपेक्षा कमी असा, आणि तुम्ही त्याची मोठी हेडलाईन करता. खात्याचं काही चुकत नाही, ते शास्त्रानं जेवढं सांगता येतं तेवढं सांगतात. पण नोव्हेंबरात आमच्याकडची सरासरीच मुळात एक-दोन सरींची. महिनाभर कोरडं जाऊन एका दुपारी वीस मिलिमीटर पडला तरी महिना सरासरीच्या आसपास दाखवणार, आणि ती दुपार फुलोऱ्यात आली तर आमचं वर्ष गेलं. जुलैत सरासरीला अर्थ आहे, धरण किती भरेल ते तिच्यावर कळतं. नोव्हेंबरात आम्हाला सरासरी नको, दिवस पाहिजेत. कुठल्या चार-पाच दिवसांत गडबड आहे, घाटात का सपाटीला, पाऊस का नुसते ढग, एवढं सांगा. ला निना आहे म्हणून यंदा कडाक्याची थंडी, अशापण बातम्या येतात, त्यानं उत्तर भारतात थंडी वाढायला मदत होते हे खरं, पण त्यावरून आमच्या शिवारात डिसेंबरच्या कुठल्या पहाटे पारा पाचच्या खाली जाईल ते कुणालाच सांगता येत नाही, मग ती बातमी घेऊन आम्ही करायचं काय.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. तुळशीची लग्नं चालली होती, आमच्या वस्तीवर मंडप होता. दुपारनंतर आभाळ असं काही भरून आलं की कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि मग गारा. आधी पत्र्यावर एखादी टणकन, मग बोलणंच ऐकू येईना. दहा-बारा मिनिटं असेल फार तर. बाहेर आलो तर बागेत हिरवा सडा, पानं, घड, कोवळ्या काड्या, आणि मण्यांना एका बाजूनं फटके. सासूबाई खाली बसून मणी गोळा करायला लागल्या, त्याचा काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं. पश्चिमी झंझावात आणि पूर्वेकडची दमट हवा एकमेकांना भिडली की असं होतं असं नंतर वाचलं. आणि विशेष म्हणजे आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवर आत्याबाईंच्या गावाला नुसता शिंतोडा. मग सांगा, जिल्ह्याला एक ओळ कशी पुरणार.

पंचनाम्याचं पण यातच येतं. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि मोजणार मंडळाचं एक स्वयंचलित केंद्र. जुलै-ऑगस्टला तो आकडा ठीक असेल. पण फुलोऱ्यातल्या बागेला किंवा खाचरात कापून पडलेल्या भाताला वीस-पंचवीस मिलिमीटर पुरे होतो, आणि कागदावर ती अतिवृष्टी नसते. यावर तुम्ही एकदा नीट मोठी बातमी केली पाहिजे, तुमच्या वार्ताहराला माझ्या माहेरी आणि माझ्या घरी दोन्हीकडं घेऊन जायला मी तयार आहे.

आता तुम्ही म्हणाल की तालुक्यागणिक अंदाज आणायचा कुठून. तर बराचसा आहे साहेब. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या इशाऱ्यात नाशिक आणि नाशिकचा घाट हे वेगळे येतात, पेपरात येईपर्यंत दोन्ही एक होतात. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचं कमाल-किमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याची दिशा, ढग किती सगळं असतं, तो मी मोबाईलवर वाचते पण माझ्या सासूबाई आणि माझे वडील पेपरच वाचतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लापण येतो. आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे अंदाजाचं कॉम्प्युटर मॉडेल सुरू झालं, आधी साधारण १२ किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज निघायचा तो आता ६ किलोमीटरचा. सहा किलोमीटर म्हणजे जवळजवळ गावच की. कॉम्प्युटर गावापर्यंत आला आणि पेपर अजून जिल्ह्यावर थांबलाय, हे मला बरोबर वाटत नाही.

एक दुःख मात्र सांगते. तालुका पातळीवर सल्ला द्यायला जिल्ह्याजिल्ह्यात कृषी हवामान केंद्रं उघडली होती, देशात १९९ होती, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद करून टाकली. ज्या वर्षांत हवामान सगळ्यात जास्त बेभरवशाचं झालं तेव्हाच ही बंद झाली. यावर शेतकऱ्यांनी बोलायला पाहिजे होतं, पेपरांनीही.

आणि जिथं पेपर गप्प बसतो तिथं मोबाईल बोलतो. आमच्या गावच्या ग्रुपवर रोज कुणाचातरी व्हिडिओ, अमुक तारखेला धो-धो, तमुक तारखेला महाराष्ट्र झोडपणार. मागं अशाच एका व्हिडिओवर विश्वास ठेवून आम्ही दोन दिवसांत तीन राउंड मारले आणि ऊन पडलं. पुढच्या वेळी खरा इशारा होता तर मिस्टर म्हणाले, यांचं रोजचंच आहे, नको. आणि त्या वेळी पाऊस आला. लोकांचा विश्वास असाच जातो, आणि एकदा गेला की खात्याचा यलो अलर्ट काय आणि ऑरेंज काय, सगळे एका मापात मोजले जातात. आख्ख्या जिल्ह्याला यलो दिला, पाऊस पेठ-सुरगाण्याला झाला आणि निफाड-चांदवड कोरडं राहिलं तर अंदाज चुकला म्हणतात. चुकलेला नसतो हो, आमच्यापर्यंत अर्धवट पोचलेला असतो.

तर माझी मागणी अशी की दिवाळीपासून नाताळपर्यंत रोज, पाव पान नको, आठ-दहा ओळी द्या. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या घाटाकडच्या भागाला वेगळ्या, कारण तिथं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गरवं म्हणजे उशिरा येणारं भात उभं असतं, नागली-वरई खळ्यावर असते, त्यांना फक्त एवढंच पाहिजे की पुढचे चार दिवस कोरडे आहेत का. निफाड-दिंडोरीला आर्द्रता, दव, वारा कुठून आणि पहाटेचं तापमान. सटाणा-कळवणला पाऊस, कारण मणी तडकायला त्यांना एक सर पुरते. येवला-नांदगाव-सिन्नरला कांद्याच्या रोपांसाठी धुकं आणि ढग. आणि अंदाज किती खात्रीचा आहे तेपण लिहा, पक्का नसेल तर पक्का नाही म्हणून लिहा, आम्ही शेतकरी आहोत, अंदाज चुकू शकतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. चुकला तर दुसऱ्या दिवशी काय झालं तेही छापा, कुठं किती पडला, मग पुढच्या वेळी किती विश्वास ठेवायचा ते आमचं आम्ही ठरवू.

आज पहाटे नदीकडच्या थर्मामीटरवर १४ होते, परवा ११ होते. उत्तरेचा वारा पडलाय, दोन दिवसांपासून धूर पश्चिमेकडं जातोय म्हणजे पूर्वेचा सुरू झालाय. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणवठ्याकडं पक्षी यायला लागलेत, रात्री वरून जाताना आवाज येतो. आमच्या रस्त्याकडच्या प्लॉटला फुलोरा साठ टक्के झालाय आणि नदीकडचा आठवड्यानं फुलेल. भावाचं गरवं भात पिवळं पडून वाकलंय, त्यानं पाच बायका आणि दोन गडी शनिवारसाठी सांगून ठेवलेत, पुढं ढकलले तर परत पंधरा दिवस माणसं मिळत नाहीत. शुक्रवारच्या अंकात घाटाच्या चार ओळी वेगळ्या आल्या तर त्याला शनिवारचं ठरवता येईल.

आपली वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड